ज्या सहा मिनिटांनी काही बिघडले नाही : फिलिप ह्यूज प्रकरण, इंदूरच्या एका मैदानावरून

२०२५ च्या ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य सामना सुरू झाला, तेव्हा दोन्ही संघांच्या खेळाडूंच्या दंडांवर काळ्या फिती होत्या. मेलबर्नमध्ये १७ वर्षांचा एक मुलगा नेटमध्ये फलंदाजी करत असताना मानेवर चेंडू लागून दगावला होता. त्याने हेल्मेट घातलेले होते. मानेमागचे कवच मात्र त्याला जोडलेले नव्हते. जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या आनंदात त्या फिती बहुतेकांच्या लक्षातून गेल्या, पण आमच्या क्लबात येणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांच्या लक्षातून गेल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात चार पालक समितीला भेटायला आले. त्यांतल्या एका आईने सरळ विचारले, “सर, हेल्मेट घालूनही असं होत असेल, तर आम्ही ते घ्यायचं तरी कशाला?” समितीत त्या वेळी सहाजण बसले होते आणि सहाही जणांनी वेगवेगळी उत्तरे दिली. एकाने नशिबाचे नाव घेतले. ते उत्तर त्या बाईंना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही.

मी या क्लबात आधी खेळाडू म्हणून, मग शहरातल्या सामन्यांचा पंच म्हणून आणि आता समितीतला एक म्हातारा म्हणून पुष्कळ वर्षे काढली आहेत. पालकांना उत्तर देण्यासाठी एक टिपण तयार करावे, असे मला सांगण्यात आले. मेलबर्नची जखम अगदी ताजी असल्याने मी तिला हात लावला नाही. ज्या मृत्यूची चौकशी पूर्ण झाली, जिचे निष्कर्ष सर्वांसमोर आले आणि ज्यातून निघालेल्या सूचनांचे पुढे काय झाले हे तपासता येते, असे प्रकरण मी निवडले. ते प्रकरण ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याचे.

घटना

२५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी क्रिकेट मैदानावर शेफील्ड शील्ड या ऑस्ट्रेलियातील राज्य संघांच्या स्पर्धेतील न्यू साउथ वेल्स विरुद्ध साउथ ऑस्ट्रेलिया हा सामना सुरू झाला. ह्यूज साउथ ऑस्ट्रेलियाचा सलामीचा डावखुरा फलंदाज होता आणि त्या दिवशी तो ६३ धावांवर खेळत होता. वय २५, तीन दिवस जगता तर त्याला सव्विसावे पूर्ण झाले असते. तो २६ कसोटी सामने खेळला होता, २००९ मध्ये दरबानच्या कसोटीत त्याने दोन्ही डावांत शतके काढली होती आणि संघात परतण्याची त्याची खटपट चालू होती. न्यू साउथ वेल्सचा मध्यमगती गोलंदाज शॉन ॲबट याने टाकलेल्या उसळत्या चेंडूवर ह्यूज हूक मारायला गेला, फटका किंचित लवकर फिरला आणि चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या डाव्या बाजूला बसला. क्षणभर तो गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला आणि मग तोंडावर कोसळला. मैदानावरच त्याला कृत्रिम श्वास देण्यात आला. पुढे सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. २७ नोव्हेंबरला तो मरण पावला.

चेंडू डोक्याला लागला, असे आपल्याकडे अजूनही सांगितले जाते. तसे झाले नव्हते, आणि या प्रकरणातल्या बहुतेक गोष्टी त्या फरकावर उभ्या आहेत. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रे असतात आणि त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी वर चढते. मान झटक्याने वळलेली असताना नेमक्या त्या जागी आघात झाला, तर धमनी हाडावर दाबली जाऊन फाटू शकते आणि रक्त मेंदूभोवतीच्या आवरणाखाली शिरते. ह्यूजच्या बाबतीत हेच घडले. अशा प्रकारच्या सुमारे १०० घटनाच वैद्यकीय नोंदींत आहेत आणि क्रिकेटच्या चेंडूमुळे झालेली याआधीची एकच आहे, असे ऑस्ट्रेलियन संघाचे डॉक्टर पीटर ब्रुकनर यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितले होते. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, जाळी चेहऱ्याचे करते, आणि या दोहोंच्या खाली कानामागे उघडी राहणारी चार बोटे रुंद पट्टी कोणाच्याच हिशेबात धरलेली नव्हती.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. तो सामना सोडून देण्यात आला. शारजात चालू असलेल्या पाकिस्तान-न्यूझीलंड कसोटीचा दुसरा दिवस एक दिवस पुढे ढकलला गेला आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर न्यूझीलंडच्या गोलंदाजांनी बळी घेऊनही जल्लोष केला नाही. ब्रिस्बेनला होणारी भारताविरुद्धची पहिली कसोटी लांबणीवर पडून मालिका ९ डिसेंबरला ॲडलेडमध्ये सुरू झाली. ३ डिसेंबरला मॅक्सव्हिल या ह्यूजच्या लहानशा गावी अंत्यसंस्कार झाले, त्याला विराट कोहलीही उपस्थित होता. घरांच्या दारांशी लोकांनी आपापल्या बॅटी उभ्या करून ठेवल्या. धावफलकावर त्याचा डाव ‘६३ नाबाद’ असाच कायम ठेवण्यात आला. याच ॲडलेड कसोटीत मिचेल जॉन्सनचा पहिलाच चेंडू कोहलीच्या हेल्मेटवर आदळला आणि क्षेत्ररक्षण करणारे ऑस्ट्रेलियन खेळाडूच आधी त्याच्याकडे धावले. कोहलीने त्या सामन्यात ११५ आणि १४१ धावा केल्या. म्हणजे उसळता चेंडू थांबला नाही आणि तो खेळणेही थांबले नाही. दोन आठवड्यांत खेळ पूर्वपदावर आला, असेच कोणालाही वाटले असते.

चौकशीने काय शोधले

क्रिकेट ऑस्ट्रेलियाने ज्येष्ठ विधिज्ञ डेव्हिड कर्टन यांच्याकडून स्वतःचा आढावा करून घेतला आणि तो मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्सचे कॉरोनर मायकेल बार्न्स यांच्यापुढे सुनावणी झाली आणि ४ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यांनी निष्कर्ष दिले. आपल्या वाचकांसाठी एक खुलासा हवा. कॉरोनर हा गुन्हेगार शोधणारा न्यायाधीश नव्हे. माणूस कोण, तो कुठे, केव्हा आणि कशाने मेला, आणि असे मरण पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, एवढेच त्याने सांगायचे असते.

बार्न्स यांचा मुख्य निष्कर्ष असा की दोष कुणाचाच नाही. त्या दिवशी २३ उसळते चेंडू पडले होते आणि त्यांतले २० ह्यूजच्या वाट्याला आले होते, हे त्यांनी नोंदवले. तरीही नियमभंग झालेला नाही, पंचांनी हस्तक्षेप करावा अशी परिस्थिती नव्हती आणि असे चेंडू खेळण्यात ह्यूज पुरेसा तरबेज होता, असे त्यांचे मत पडले. एका निमिषाची चूक झाली, एवढेच. मैदानावरच्या शेरेबाजीबद्दल आणि एका कथित धमकीबद्दल कुटुंबीयांनी प्रश्न उपस्थित केले होते. खेळाडूंनी ती धमकी नाकारली किंवा तसे काही आठवत नसल्याचे सांगितले. बार्न्स यांनी शेरेबाजीला मृत्यूचे कारण मानले नाही, मात्र खेळावर प्रेम असल्याचे म्हणणाऱ्यांनी ही सवय आपल्याला शोभते का, याचा विचार करावा, असे सुचवून ते थांबले. त्या कुटुंबाला हे पुरेसे वाटले नसेल, हे समजण्यासारखे आहे. घरातला मुलगा गेला आणि अहवाल म्हणतो की कोणीच चुकले नाही. दुःखाला टेकायला एखादी भिंत लागते आणि ती इथे मिळाली नाही.

हेल्मेटबद्दल त्यांनी म्हटले की ह्यूजने बाजारात आलेले सर्वांत नवे मॉडेल घातलेले नव्हते. पण ते घातले असते तरी चेंडू जिथे लागला ती जागा झाकली गेली नसती.

यानंतरचा भाग मी समितीपुढे दोनदा वाचून दाखवला. ह्यूज कोसळल्यावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी फोन व्हायला सहा मिनिटांहून अधिक वेळ गेला. ज्या व्यक्तीने फोन केला तिच्याजवळ पुरेशी माहिती नव्हती, त्यामुळे रुग्णवाहिका सेवेने या हाकेला द्यायला हवा होता त्यापेक्षा खालचा अग्रक्रम दिला. मैदानातून डॉक्टरांना बोलावण्यासाठी पंचांनी नेमकी कोणती खूण करायची, हेही ठरलेले नव्हते. सिडनीसारख्या मैदानावर, राज्य संघांच्या सामन्यात ही स्थिती होती. पण बार्न्स यांनी त्याच दमात हेही लिहिले की या ढिसाळपणाने मृत्यू आला नाही. चेंडू लागला त्याच क्षणी जीव वाचण्याची आशा संपली होती. रुग्णवाहिका सीमारेषेवर उभी असती तरी फरक पडला नसता.

आता इथे दोन रस्ते फुटतात. एक असा की त्या सहा मिनिटांनी काही बिघडले नाही, तर ती सोडून द्यावीत. दुसरा बार्न्स यांनी घेतला. परिणामाशी संबंध नसलेल्या त्या उणिवेबद्दल त्यांनी स्वतंत्र शिफारशी केल्या: सामन्याच्या रोज सकाळी वैद्यकीय व्यवस्थेची उजळणी व्हावी, मदत कशी बोलवायची याचे प्रशिक्षण पंचांना मिळावे, धोकादायक गोलंदाजीचे नियम पंचांना अधिक स्पष्ट व्हावेत, आणि मानेच्या कवचाचे संशोधन चालू ठेवून ते प्रथम श्रेणी सामन्यांत सक्तीचे करण्याच्या दिशेने जावे. मला हे प्रकरण याच कारणाने अभ्यासण्याजोगे वाटते. टाळता न येणारा मृत्यू आणि टाळता येणारा हलगर्जीपणा एकाच दुपारी एकाच मैदानावर हजर होते आणि चौकशीने एकाच्या आड दुसऱ्याला लपू दिले नाही.

त्या सहा मिनिटांचे मोल कळायला दुसरे प्रकरण आठवावे लागते. १९५९ मध्ये कराचीत कायदे-आझम चषकाच्या अंतिम सामन्यात अब्दुल अझीझ या तरुण यष्टिरक्षकाला फलंदाजी करताना छातीवर चेंडू लागला आणि रुग्णालयात पोचण्याआधीच तो गेला. छातीवरचा आघात फार जोराचा असावा लागत नाही. तो हृदयाच्या ठोक्यातल्या एका विशिष्ट क्षणी बसला तर हृदयाची लय बिघडते आणि ते नुसते थरथरत राहते. अशा वेळी छातीवर दाब देणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र वापरणे हाच उपाय असतो आणि दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे मानेवर लागलेल्या चेंडूपुढे जी सहा मिनिटे निरर्थक ठरली, तीच छातीवर लागलेल्या चेंडूपुढे सर्वस्व ठरली असती. आणि चेंडू कुठे लागणार हे फोन करणाऱ्याच्या हातात नसते.

बदल यायला लागलेला वेळ

मानेचे कवच २०१५ च्या सुरुवातीसच बाजारात आले. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने वेगवान आणि मध्यमगती गोलंदाजी खेळताना ते सक्तीचे केले १ ऑक्टोबर २०२३ पासून. ह्यूजच्या मृत्यूपासून जवळजवळ नऊ वर्षे गेली होती. या नऊ वर्षांत लॉर्ड्सवर २०१९ मध्ये जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला आणि तो खाली पडला, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला सिडनी आठवले. तरीही कवच लावल्यावर कोंडल्यासारखे वाटते म्हणून स्मिथ ते टाळत राहिला. ह्यूजबरोबर खेळलेल्या मोठ्या फलंदाजाची ही गोष्ट असेल, तर आपल्या चौदा वर्षांच्या मुलाने कवच गुंडाळून किटबॅगच्या तळाशी टाकले म्हणून त्याच्यावर किती रागवायचे, याचा पालकांनी विचार करावा. त्याच लॉर्ड्स कसोटीत स्मिथच्या जागी मार्नस लबुशेन उतरला. मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाली होती आणि तिचा लाभ घेणारा तो पहिला. ही तरतूद एकट्या ह्यूजमुळे आली असे म्हणता येणार नाही, पण तिच्या मागे सिडनीची छाया होती एवढे नक्की.

आपल्या देशातल्या खेळाडूचे उदाहरण याहून कडू आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातील एका क्लब सामन्यात भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा होता. षटक संपायला थोडेच चेंडू उरले होते, म्हणून हेल्मेट मागवायला त्याने नकार दिला. फटका त्याच्या डोक्यावर आदळला आणि चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. फलंदाज झेलबाद झाला. तीन दिवसांनी लांबा गेला. फलंदाजाच्या समोर जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांना हेल्मेट सक्तीचे करण्याचा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम आला जून २०२३ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. लांबाच्या मृत्यूनंतर हळहळ पुष्कळ झाली. ह्यूजच्या प्रकरणात हळहळ झाल्यावर कोणीतरी कागद पुढे ओढला, फरक एवढाच आहे. कोलकात्यात एप्रिल २०१५ मध्ये अंकित केशरी हा वीस वर्षांचा खेळाडू झेल घेताना सहकाऱ्यावर आदळून तीन दिवसांनी गेला. त्या वेळी तो बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरला होता. “माझा” अशी हाक मारून झेल कुणाचा हे आधी ठरवणे, ही फुकटात मिळणारी सुरक्षा आहे आणि इंदूरच्या मैदानांवर आजही ती शिकवली जात नाही.

आपल्याकडची समज

इंदूरला क्रिकेटचा वारसा आहे आणि वारशाबरोबर काही गोष्टीही आल्या आहेत. होळकर संघाच्या काळात कर्नल सी. के. नायडू यांना तोंडावर चेंडू लागून दात पडले, त्यांनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि गोलंदाजाला पुढचा चेंडू टाकायला सांगितले, ही कथा या शहरातल्या प्रत्येक मराठी घरात एका तरी आजोबांनी सांगितलेली आहे. मीही ती मुलांना सांगितली आहे. नायडूंच्या धैर्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, पण ही कथा ऐकून मोठा झालेला मुलगा डोक्याला चेंडू लागल्यावर “काही झालं नाही, सर” म्हणतो, हे मी पंच म्हणून कितीदा तरी पाहिले. चक्कर येत असतानाही तो तसेच म्हणतो.

याच शहराने उलटे उदाहरणही पाहिले आहे. २५ डिसेंबर १९९७ रोजी नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना अवघ्या तीन षटकांनंतर रद्द झाला, कारण खेळपट्टी धोकादायक होती. स्टेडियम भरलेले होते. त्या दिवशी गावाची फार नाचक्की झाली, असे लोक आजही म्हणतात. मला मात्र वाटते की भरल्या स्टेडियमसमोर ‘इथे कुणाला तरी इजा होईल, म्हणून खेळणार नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते, आणि त्या निर्णयाची गोष्ट नायडूंच्या दातांइतकी नाही तरी तिच्या निम्मी तरी सांगितली जावी.

आपल्याकडे मैदानावर मृत्यू झाला तर काय होते, तेही पालकांना सांगणे भाग होते. पोलीस येतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. मध्य प्रदेशात याला ‘मर्ग कायम’ होणे म्हणतात. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली आणि पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होणारी ही चौकशी मृत्यू संशयास्पद आहे का, एवढे पाहते. संशय नसला की फाइल बंद होते. ती बंद होते ते योग्यच आहे. पोलिसांचे काम तेवढेच आहे. पण त्यापुढचे प्रश्न विचारणारी कॉरोनरसारखी कुणी व्यक्ती आपल्याकडे नाही, म्हणून ते प्रश्न क्लबाने स्वतःला विचारायचे असतात. आमच्या समितीतल्या एका वकील सभासदाने आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. अपघाताने झालेले कृत्य गुन्हा ठरत नाही असे भारतीय न्याय संहितेचे कलम १८ म्हणते, परंतु त्यात एक अट आहे: कृत्य कायदेशीर असावे, कायदेशीर रीतीने केलेले असावे आणि योग्य ती काळजी व दक्षता घेऊन केलेले असावे. काळजी घेतली होती हे कागदावर दाखवता येईल असे आमच्याजवळ काय होते? पाण्याची टाकी, बर्फाची पिशवी आणि मुदत संपलेला वेदनाशामक स्प्रे.

पंचांसाठी एक मुद्दा मुद्दाम लिहितो. क्रिकेटच्या नियमांनुसार आखूड टप्प्याचे चेंडू धोकादायक आहेत की नाही हे ठरवताना पंचाने फलंदाजाचे कौशल्य लक्षात घ्यायचे असते आणि त्याने संरक्षक साधने घातली आहेत ही बाब विचारात घ्यायची नसते. म्हणजे ‘पोराने हेल्मेट घातलंय, टाकू दे’ हे आमच्या स्थानिक सामन्यांतले रोजचे वाक्य नियमालाच धरून नाही. ह्यूज कसोटीपटू होता म्हणून वीस चेंडू चालले. सोळा वर्षांखालच्या सामन्यातल्या अकराव्या क्रमांकाच्या मुलासमोर दोनही पुष्कळ आहेत, आणि ते थांबवण्याचा अधिकार पंचाजवळ आजही आहे.

आमची चाचणी

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही मैदानावर एक खोटा प्रसंग उभा केला. मुलांना आदल्या दिवशी फक्त एवढेच सांगितले होते की उद्या केव्हातरी एकजण पडेल आणि त्याला खरोखरच लागले आहे असे समजायचे. चौथ्या षटकात ठरलेला मुलगा खेळपट्टीवर पडला आणि मी घड्याळ लावले. सगळे त्याच्याभोवती जमले, म्हणजे सर्वांत आधी त्याची हवा बंद झाली. कर्णधार प्रशिक्षकांना शोधायला धावला. दोघांनी एकदम १०८ ला फोन ‘लावला’. समोरून बोलणाऱ्याची भूमिका मीच करत होतो. एकाने पत्ता शाळेमागचे मैदान असा सांगितला, दुसऱ्याने पाण्याच्या टाकीजवळचे मैदान असा. दोन्ही पत्ते बरोबर होते आणि गाडीवाल्याला दोन्ही निरुपयोगी होते, कारण या शहरात अशी मैदाने कितीतरी आहेत. “मुलगा श्वास घेतोय का?” असे मी विचारले, तेव्हा दोघेही गप्प झाले, कारण तो दोघांच्याही नजरेपासून पन्नास पावले दूर होता. सिडनीत फोन करणाऱ्याची अडचण हीच होती.

मग गाडी आत यायचा प्रश्न. छोटे फाटक उघडे होते, त्यातून स्कूटर जाते. मोठ्या फाटकाला साखळी आणि कुलूप होते. किल्ली चौकीदाराजवळ, आणि चौकीदार पोह्यांच्या गाडीवर. तो किल्ली घेऊन आला तेव्हा घड्याळात नऊ मिनिटे झाली होती. आम्ही कुणी चौकीदारावर चिडलो नाही. रविवारी सकाळी साडेआठला इंदूरमध्ये पोहे खायला गेलेल्या माणसावर कोण चिडणार? चूक फाटक एकाच माणसाच्या खिशात ठेवणाऱ्यांची होती, म्हणजे आमची.

आता मैदानाच्या भिंतीवर पत्ता रंगवलेला आहे, जवळच्या चौकापासून आत कसे वळायचे यासह. किल्लीच्या दोन प्रती झाल्या. एक स्कोअररच्या पेटीत असते. फोन कोणी करायचा हे सामन्याआधी नाणेफेकीच्या वेळीच ठरते आणि फोन करणारा पडलेल्या खेळाडूच्या शेजारी उभा राहूनच बोलतो. चौदा पालकांनी आणि तीन प्रशिक्षकांनी छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घेतले. विजेचा झटका देणारे यंत्र आमच्या आवाक्याबाहेर आहे. शेजारच्या दोन क्लबांबरोबर मिळून ते घेता येईल का, याची बोलणी चालू आहेत. त्या आईच्या प्रश्नालाही समितीने लेखी उत्तर दिले: हेल्मेट घ्या, मानेच्या कवचासह घ्या, आणि त्याने सर्व धोका जातो असे आम्ही म्हणत नाही.

गोलंदाज

चाचणीच्या गडबडीत एक गोष्ट मला उशिरा दिसली. ज्या मुलाने तो चेंडू टाकला होता, तो आपल्या धावेच्या खुणेपाशी एकटाच उभा होता. पंधरा वर्षांचा मुलगा. सगळे नाटक आहे हे त्याला माहीत होते, तरी त्याचा चेहरा उतरला होता. नऊ मिनिटांत त्याच्याजवळ एकहीजण गेला नव्हता. मीही नाही.

शॉन ॲबट त्या वेळी २२ वर्षांचा होता आणि सुमारे सात आठवड्यांपूर्वी ऑस्ट्रेलियाकडून पहिल्यांदा खेळला होता. ह्यूज कोसळला तेव्हा धावत जाऊन त्याचे डोके सावरणाऱ्यांत तोच होता. ह्यूजच्या कुटुंबाने त्याला दोष दिला नाही, कर्णधार मायकेल क्लार्क आणि इतर खेळाडू जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभे राहिले, मंडळाने समुपदेशक दिले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो त्याच सिडनी मैदानावर क्वीन्सलँडविरुद्ध उतरला आणि दुसऱ्या डावात त्याने १४ धावांत ६ बळी घेतले. वर्तमानपत्रांना शेवट म्हणून हे आकडे फार आवडले. माझ्या मते त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. त्याला एकही बळी मिळाला नसता तरी तो तितकाच निर्दोष होता, आणि बळी मिळाल्याने त्याच्या रात्री हलक्या झाल्या असतील असे मानण्यास काही आधार नाही. या प्रकरणात अनुकरण करण्यासारखे आहे ते एवढेच की त्याला एकटे सोडले गेले नाही, आणि ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून झाली.

ऑस्ट्रेलियात त्यासाठी मंडळ होते, डॉक्टर होते, पैसा होता. आमच्यासारख्या क्लबात असा प्रसंग आला तर त्या मुलाभोवती काय असेल याची मला कल्पना आहे: पोलीस जबाब घेतील, गल्लीत लोक बोट दाखवतील, शाळेत कुजबुज होईल आणि घरचे लोक त्याचा किट माळ्यावर टाकतील. यातले बरेचसे प्रेमापोटीच होईल.

भिंतीवर लावलेल्या कागदावर म्हणून चार कामे लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे दोन नावे आहेत: जखमीजवळ कोण, फोन कोण करणार, फाटकावर कोण, आणि चेंडू टाकणाऱ्याजवळ कोण. पहिल्या तिन्ही कामांना नावे लगेच मिळाली. चौथ्यापुढे समितीतले कुणी नाव द्यायला तयार होईना. एकजण म्हणाला, तिथे जाऊन बोलायचे तरी काय? दोन बैठका ती जागा रिकामी राहिली. अखेर एका निवृत्त मराठी शिक्षिकेने ते काम मागून घेतले. त्यांचा नातू आमच्याकडे यष्टिरक्षण करतो. काम घेताना त्यांनी विचारले की अशा दिवशी त्या मुलाला घरी कोण नेणार, आणि घरी पोचण्याआधी त्याच्या आईला फोन कोण करणार. कागदावर ते लिहिलेले नव्हते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला विषय आहे.